ऊर्जा आयात, ऊर्जा धोरण आणि शेजाऱ्यांशी वीजव्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे. वर्ष वेगळे नमूद नसेल तर आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आणि ढोबळ आहेत.

१. "भारत ८८ टक्के तेल आयात करतो" म्हणजे नक्की कशाचे ८८ टक्के?

देशात वापरल्या गेलेल्या पेट्रोलियम पदार्थांचे. वर्षभरात आपण सुमारे २३९ दशलक्ष टन पेट्रोल, डिझेल, एलपीजी, विमान इंधन वगैरे वापरले. देशातल्या विहिरींतून निघाले जेमतेम २९ दशलक्ष टन कच्चे तेल. उरलेला वाटा परदेशी तेलावर भागला, म्हणून ८८.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आकड्यामुळे. आपण कच्चे तेल आयात करतो सुमारे २४३ दशलक्ष टन, म्हणजे एकूण वापराहूनही जास्त. त्याचे कारण असे की आपल्या रिफायनऱ्या तयार पदार्थ निर्यातही करतात, वर्षाला ६० दशलक्ष टनांहून अधिक. त्यामुळे आयातीचे बिल (कच्च्या तेलाचे सुमारे १३७ अब्ज डॉलर) हा खर्चाचा पूर्ण हिशोब नव्हे; निर्यातीचे डॉलर त्यातून वजा करावे लागतात.

२. हेच प्रमाण गॅस, कोळसा आणि विजेलाही लागू आहे का?

नाही, आणि याच ठिकाणी बहुतेक चर्चा भरकटते. नैसर्गिक वायूचा साधारण निम्मा वापर आयात एलएनजीवर (थंड करून द्रवरूपात जहाजाने आणलेल्या वायूवर) होतो. घरगुती सिलिंडरमधल्या एलपीजीचा सुमारे ६० टक्के किंवा त्याहून थोडा जास्त भाग बाहेरून येतो. कोळशाचे देशी उत्पादन २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच एक अब्ज टनांपलीकडे गेले आणि आयात २४३ दशलक्ष टनांच्या आसपास राहिली, म्हणजे पुरवठ्याचा पाचवा हिस्सा. तयार विजेची आयात एकूण विजेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

थोडक्यात, चुलीपासून गाडीपर्यंतचे जे काम विजेवर जाते, त्याचे आयात-अवलंबित्व तिथल्या तिथे घटते. ८८ हा आकडा खाली आणण्याचे यापेक्षा मोठे साधन आज हाताशी नाही. देशी तेल उत्पादन अनेक वर्षे घसरते किंवा जागच्या जागी आहे.

३. राष्ट्रीय ऊर्जा धोरण कुठे वाचायला मिळेल?

एकसंध, मंजूर झालेला असा दस्तऐवज नाही. नीती आयोगाने २०१७ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा काढला होता, तो अंतिम झाला नाही. प्रत्यक्षात धोरण तुकड्यांत आहे. वीज कायदा २००३ आणि त्याखालील वीज धोरण व वीज आराखडा ऊर्जा मंत्रालयाकडे, तेल-वायू पेट्रोलियम मंत्रालयाकडे, कोळसा आणि नवीकरणीय ऊर्जा आपापल्या मंत्रालयांकडे, तर अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. वीज हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्येही त्यात बरोबरीने आहेत.

या विभागणीचा परिणाम उद्दिष्टांवर दिसतो. मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले होते की तेल आयातीवरचे अवलंबित्व तेव्हाच्या ७७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत दहा टक्के अंकांनी खाली आणायचे. ते २०२४-२५ पर्यंत अकराने वाढले. उलट वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वाटा निम्म्यापर्यंत नेण्याचे २०३० चे उद्दिष्ट जून २०२५ मध्येच गाठले गेले. पण क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे: प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे.

४. तेल बॅरलमागे एक डॉलरने महागले तर देशाला किती फटका बसतो?

हिशोब स्वतः करता येतो. एक टन म्हणजे सरासरी ७.३३ बॅरल. २४३ दशलक्ष टनांचे झाले सुमारे १७८ कोटी बॅरल. म्हणजे दर बॅरलमागे एक डॉलर वाढला आणि तो वर्षभर टिकला तर १७८ कोटी डॉलर जादा. डॉलर ८५ रुपये धरला तर सुमारे १५,००० कोटी रुपये. यातला साधारण चौथा भाग निर्यात होणाऱ्या पदार्थांच्या वाढीव दरातून परत येतो.

रुपयाचीही धार तेवढीच आहे. १३७ अब्ज डॉलरच्या बिलावर डॉलर एक रुपयाने महागला की १३,७०० कोटी रुपये वाढतात, तेलाचा भाव हलला नसला तरी.

पंपावरचा दर मात्र यानुसार हलेलच असे नाही. जून २०१७ पासून कागदावर तो रोज बदलतो. पण एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ मधल्या दोन रुपयांच्या कपातीपर्यंत कंपन्यांनी दर जवळपास गोठवले होते. मधला मोठा बदल मे २०२२ च्या अबकारी कपातीचा होता. म्हणजे महागाईचा भार काही काळ कंपन्या सोसतात आणि स्वस्ताईत तो वसूल करतात.

५. युद्ध झाले, जहाजे थांबली, तर देशाकडे किती दिवसांचे तेल आहे?

धोरणात्मक साठे तीन ठिकाणी आहेत: विशाखापट्टणम (१.३३ दशलक्ष टन), मंगळूर (१.५) आणि पादूर (२.५). एकूण ५.३३ दशलक्ष टन. हे टाक्यांत नाही तर कातळात खोदलेल्या भुयारांत ठेवले जाते. भोवतालच्या भूजलाचा दाब तेलाच्या दाबाहून जास्त राखला जातो, त्यामुळे तेल बाहेर झिरपत नाही.

सरकारी उत्तरांत "साडेनऊ दिवस" येतात ते २०१९-२० च्या वापरावर आधारलेले. तोच साठा आजच्या आयातीने भागला (दिवसाला ०.६७ दशलक्ष टन) तर आठ दिवस निघतात, तेही भुयारे काठोकाठ भरली असतील तर. तेल कंपन्यांचे स्वतःचे साठे, म्हणजे टाक्या, पाइपलाइनमधला माल आणि तयार पदार्थ, यांचे सुमारे ६४ दिवस वेगळे मोजले जातात. या ६४ पैकी बराच माल यंत्रणा चालू राहण्यासाठीच लागतो, तो पूर्ण उपसता येत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पूर्ण सदस्यांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बंधनकारक असतो. भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे ते बंधन नाही. ओडिशातील चांदीखोल (४ दशलक्ष टन) आणि पादूरचा विस्तार (२.५) यांना २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

६. मग सर्वांत कमकुवत दुवा कोणता?

एलपीजी. आमच्या मते तेलापेक्षाही, आणि त्यावर बोलले मात्र सर्वांत कमी जाते.

वर्षाचा वापर सुमारे ३१ दशलक्ष टन, म्हणजे दिवसाला ८५,००० टन. आयातीचा बहुतांश माल आखाती देशांतून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. प्रश्न ५ मधला धोरणात्मक साठा फक्त कच्च्या तेलाचा आहे, एलपीजीचा नाही. एलपीजीची भुयारे दोनच: विशाखापट्टणमला ६०,००० टन आणि मंगळूरला ८०,००० टन. दोन्ही मिळून पावणेदोन दिवसांचाही वापर भरत नाही. बाकी भिस्त आयात टर्मिनलच्या टाक्या, बॉटलिंग प्लांट आणि घरोघरच्या दुसऱ्या सिलिंडरवर. मोठे एलपीजी जहाज सुमारे ४५,००० टन आणते, म्हणजे देशाची दुपारपर्यंतची गरज.

कच्च्या तेलाला पर्याय आहेत: २०२२ पूर्वी नगण्य असलेले रशियन तेल वर्ष-दोन वर्षांत आयातीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेले. एलपीजीत अशी उडी घेता येत नाही, कारण थंड करून किंवा दाबाखाली माल नेणारी जहाजे मोजकी असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कंपन्यांनी अमेरिकेतून २०२६ साठी सुमारे २२ लाख टन आणण्याचा करार केला. पल्ला लांब आहे, पण मार्ग होर्मुझबाहेरचा आहे, आणि मुद्दा तोच आहे.

रिफायनऱ्यांत जास्त एलपीजी काढता येत नाही का? शंभर टन तेलातून साधारण चार टन निघते. अडचणीत पेट्रोरसायनांकडे जाणारे प्रोपेन-ब्युटेन वळवून थोडे वाढवता येते, दुप्पट नाही. पाइप गॅसही निम्मा आयातीचाच. इंडक्शन शेगडीच खऱ्या अर्थाने देशी इंधनावर चालते, जिथे वीज अखंड आहे तिथे.

७. कोकणात मोठी रिफायनरी झाली असती तर आयात कमी झाली असती ना?

नाही. रिफायनरी कच्चे तेल तयार करत नाही, ते वापरते. वर्षाला ६० दशलक्ष टनांच्या त्या प्रकल्पाला जवळपास तेवढेच तेल जहाजाने आणावे लागले असते. भागीदार म्हणून सौदी अरामको आणि अबू धाबीची कंपनी आल्या त्या आपल्या तेलाला हक्काचे गिऱ्हाईक मिळावे म्हणूनच. देशाची शुद्धीकरण क्षमता सुमारे २५७ दशलक्ष टन आहे आणि पेट्रोल-डिझेलमध्ये आपण आजही निर्यातदार आहोत. प्रकल्पाच्या बाजूने रोजगार, पेट्रोरसायने, भविष्यातली मागणी असे मुद्दे मांडता येतात. विरोधात आंबा-मासेमारीचे मुद्दे आहेत. आयात-बचत हा मुद्दा दोन्ही बाजूंचा नाही.

८. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल म्हणजे २० टक्के तेल वाचले का?

तीन गाळण्या लावा. पहिली, २० टक्के हे आकारमानाने आहे आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते. म्हणजे पेट्रोलची बचत सुमारे १३ टक्के. दुसरी, पेट्रोल हे एकूण पेट्रोलियम वापराचा सहावा हिस्सा आहे. या दोन्हींतून एकूण तेलवापरातली बचत दोन टक्क्यांच्या आसपास येते. तिसरी, ऊस-मका पिकवायला, गाळायला आणि वाहतुकीला लागणारे डिझेल, खत आणि वीज. हा आकडा कच्च्या मालानुसार बदलतो.

दोन टक्के म्हणजे काही अब्ज डॉलर, तेव्हा ते क्षुल्लक नाही. पण सर्वांत जास्त खपणारे इंधन डिझेल आहे, वर्षाला ९१ दशलक्ष टन, आणि इथेनॉल त्याला हात लावत नाही.

९. एवढा कोळसा असताना आपण तो आयात का करतो?

दोन वेगळी कारणे आहेत. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोकिंग कोळसा आपल्याकडे पुरेशा दर्जाचा नाही. तो मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो, आणि तो थांबवला तर पोलाद थांबते. दुसरा भाग औष्णिक कोळशाचा. देशी कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते, इंडोनेशियाच्या कोळशात बरीच कमी. गुजरातमधल्या मुंद्र्यासारखे किनाऱ्यावरचे वीजप्रकल्प त्या आयात कोळशासाठीच बांधलेले आहेत. बॉयलर, कोळसा हाताळणी, राखेची व्यवस्था सगळे त्याच मापाचे. त्यात देशी कोळसा पूर्ण प्रमाणात जाळता येत नाही.

बिघडले कुठे, तर करारात. मुंद्र्याच्या कंपन्यांनी विजेचा दर ठरवताना इंडोनेशियाचा कोळसा स्वस्त राहील असे धरले. त्या देशाने २०१०-११ मध्ये निर्यातदराचे नियम बदलले. परदेशातला कायदा बदलल्याने करारातला दर वाढवून मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितले. मग प्रकल्प बंद ठेवणे परवडू लागले, आणि मे २०२२ च्या टंचाईत सरकारला वीज कायद्याच्या कलम ११ खाली ते चालवायला लावावे लागले.

१०. सौर पॅनेल चीनकडून, बॅटऱ्या चीनकडून. मग अवलंबित्वाचा फक्त पत्ताच बदलला ना?

पत्ता बदलला हे खरे, पण जात वेगळी आहे. तेल थांबले तर काही आठवड्यांत गाड्या थांबतात. पॅनेलची आयात थांबली तर नवे प्रकल्प रखडतात. लागलेली पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतच राहतात. एक धोका दैनंदिन आहे, दुसरा वाढीचा.

एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर (जोडून तयार पॅनेलवर) ४० आणि सेलवर (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांवर) २५ टक्के सीमाशुल्क लागले (रचना पुढे बदलली) आणि मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आली. त्यामुळे मॉड्यूल जोडणी देशात वेगाने वाढली. सेल मागे आहेत, ज्यापासून ते बनतात ते वेफर आणि पॉलिसिलिकॉन त्याहून मागे. "मेड इन इंडिया" पॅनेल पाहताना तो शब्द साखळीच्या कोणत्या कडीला लागू आहे ते विचारा.

११. गॅस पाइपलाइनने शेजारून का आणत नाही?

इराण-पाकिस्तान-भारत आणि तुर्कमेनिस्तानातून येणारी तापी पाइपलाइन, दोन्ही मार्ग पाकिस्तानातून जातात. पहिल्यातून भारत बाहेर पडला. दुसरीचे काम २०१५ मध्ये सुरू होऊनही भारतापर्यंत आलेले नाही. म्हणून सगळी आयात जहाजाने.

तिथेही टर्मिनल बांधून भागत नाही. कोचीचे टर्मिनल २०१३ मध्ये तयार झाले, पण मंगळूरपर्यंतची पाइपलाइन जानेवारी २०२१ मध्ये आली. तोवर ते बहुतांश रिकामे होते. दाभोळला लाटारोधक भिंत अपुरी असल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती.

उलट दिशेने मात्र पाइपलाइन धावतात: मोतिहारी ते नेपाळमधील अमलेखगंज (६९ किमी, सप्टेंबर २०१९) आणि सिलिगुडी ते बांगलादेशातील पार्वतीपूर (मार्च २०२३). नेपाळ-बांगलादेशासाठी आपण तयार इंधनाचे पुरवठादार आहोत.

१२. वीजजाळे कोणकोणत्या देशांशी जोडलेले आहे?

भूतान आणि नेपाळ आपल्या जाळ्याशी समकालिक आहेत, म्हणजे तिथले आणि सोलापूरमधले जनित्र एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर फिरते. (दक्षिण भारत यात आला तो ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने.) भूतानशी व्यवहार चुखा, ताला, मांगदेछू या जलविद्युत प्रकल्पांचा, २०२५ मध्ये पुनात्सांगछू-२ चे १,०२० मेगावॉटही त्यात आले. नेपाळशी मुख्य दुवा ढल्केबर-मुजफ्फरपूर ४०० केव्ही वाहिनी.

बांगलादेशाशी बहरामपूर-भेरामारा दुवा २०१३ मध्ये ५०० मेगावॉटने सुरू झाला, २०१८ मध्ये १,००० झाला. मध्ये एचव्हीडीसी स्टेशन आहे: प्रवाह एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. त्यामुळे एका जाळ्यातला बिघाड दुसऱ्यात जात नाही आणि किती वीज जाईल ते आकडा घालून ठरवता येते. त्रिपुरातून कोमिल्लाला १६० मेगावॉटपर्यंत वीज जाते, तिथे बांगलादेशाचा तेवढा भाग आपल्या जाळ्यावर लटकतो. म्यानमारला मोरेहवरून केवळ ३ मेगावॉट. श्रीलंकेशी समुद्राखालची केबल चर्चेत आहे. पाकिस्तानशी काही नाही.

१३. नेपाळकडून वीज घेतो आणि नेपाळलाच विकतो, हा काय प्रकार?

ऋतूंचा. नेपाळचे बहुतेक प्रकल्प मोठ्या धरणाशिवाय, नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. जून ते नोव्हेंबर पाणी भरपूर, वीज उरते. हिवाळ्यात उत्पादन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घसरते आणि नेपाळ आयात करतो. आपल्याला पावसाळ्यात दमट उकाड्यातल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, नेमकी जलविद्युत हवी असते. भूतानचेही हेच. जानेवारी २०२४ च्या करारात दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॉट घेण्याचे ठरले आहे. ते पारेषण वाहिन्यांच्या गतीनेच होईल.

१४. सीमापार वीज विकण्याची प्रक्रिया काय?

चौकट अशी: २०१८ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे, २०१९ चे केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम, २०२१ ची केंद्रीय वीज प्राधिकरणाची कार्यपद्धती.

आधी प्राधिकरणाची मंजुरी. ती देशाला सरसकट नाही, प्रकल्पागणिक आणि मुदतीची असते. मग पारेषणाची परवानगी. वीज एक्सचेंजवर (विजेच्या बोलीच्या बाजारात) परदेशी संस्था थेट येऊ शकत नाही, भारतीय परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच यावे लागते. सकाळी १० ते १२ दरम्यान दुसऱ्या दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांसाठी बोली. युनिटची कमाल मर्यादा १० रुपये. नेपाळने या बाजारात नोव्हेंबर २०२१ मध्ये ३९ मेगावॉटने विक्री सुरू केली.

फसते ते तीन ठिकाणी. मंजुरीचे नूतनीकरण लांबते आणि तयार वीज पाण्यासोबत वाहून जाते. वाहिनीवर गर्दी झाली की बाजार तुटतो आणि दोन बाजूंना दोन दर निघतात. आणि पुराचा गाळ आला की जनित्र अचानक बंद करावे लागते. वेळापत्रकापेक्षा कमी दिलेल्या विजेचा दंड विक्रेत्यावर पडतो.

१५. नेपाळची वीज बांगलादेशाला भारतातून कशी जाते? तीच वीज पोचते का?

३ ऑक्टोबर २०२४ चा त्रिपक्षीय करार: ४० मेगावॉट, १५ जून ते १५ नोव्हेंबर, युनिटला ६.४० अमेरिकी सेंट. मोजणी मुजफ्फरपूरला होते. तिथवरची गळती नेपाळची, पुढचे भारतातले पारेषण शुल्क आणि व्यापाऱ्याचे कमिशन बांगलादेशाचे. पहिला प्रवाह १५ नोव्हेंबर २०२४ ला एका दिवसापुरता झाला, कारण हंगामाचा तो शेवटचा दिवस होता.

"तीच" वीज असे काही नसते. नेपाळ ४० मेगावॉट आपल्या जाळ्यात ओततो आणि भेरामारा स्टेशनवर आकडा ४० ने वाढवला जातो. मर्यादा अशी की हे ४० प्रश्न १२ मधल्या १,००० मेगावॉटमध्येच बसवावे लागतात.

१६. प्रकल्पात चिनी पैसा असेल तर भारत वीज घेत नाही, हे खरे का?

नियमांत चीनचे नाव नाही. ज्या देशाची भारताशी जमिनीची सीमा आहे पण वीज क्षेत्रातला द्विपक्षीय करार नाही, तिथल्या कंपनीची थेट वा अप्रत्यक्ष मालकी असलेल्या प्रकल्पाची वीज अडते. ही व्याख्या कोणाला लागते ते उघड आहे. नेपाळची तक्रार अशी की केवळ चिनी कंत्राटदार असला तरी मंजुरी अडते. म्हणून तिथले विकासक भारतात विक्रीचा विचार असेल तर भागीदार आणि कंत्राटदार सुरुवातीलाच पडताळून घेतात.

१७. गोड्डा प्रकल्प भारतात, पण वीज बांगलादेशाची. ती महाराष्ट्राला मिळू शकते का?

झारखंडमधला अदानींचा १,६०० मेगावॉटचा हा प्रकल्प २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हा भारतीय जाळ्याला जोडलेलाच नव्हता; स्वतंत्र वाहिनीने सगळी वीज सीमेपार जात होती, आणि कोळसाही समुद्रमार्गे परदेशातून येत होता. २०२४ मध्ये थकबाकीवरून पुरवठा निम्म्यावर आला. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे बदलली: खरेदीदार देश दीर्घकाळ वीज उचलत नसेल किंवा पैसे थकवत असेल तर असा प्रकल्प भारतीय जाळ्याला जोडता येतो. तेव्हा नियमाने शक्य आहे, पण त्यासाठी जोडणीची वाहिनी हवी, आणि आयात कोळशावरची वीज बाजारातल्या इतर विजेपेक्षा स्वस्त पडायला हवी. रात्रीच्या टंचाईत ती पडू शकते. दुपारी सौर वीज वाहत असताना नाही.